धुऱ्यावरची वाट

गावंड्यांच्या घराण्यात देवघरातले टाक एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात, तसं धुऱ्याचं भांडणही जातं. टाक निदान दसऱ्याला चिंचेने घासावे लागतात; भांडणाला तेवढेही कष्ट नाहीत, ते आपोआप लख्ख राहतं. पुंजाराम पाटील आणि त्यांचा धाकटा भाऊ गोवर्धन यांचं धुऱ्यावरून वाजलं आणि गोवर्धन रागाने शेंदूरजनाघाटला जाऊन संत्र्यांच्या बागा लावून बसला, ही हकीकत गावात सगळ्यांना पाठ आहे. तिथे तो सुखी झाला, हा पुंजाराम पाटलांना शेवटपर्यंत आपला अपमान वाटत राहिला. मरताना त्यांनी दोन्ही मुलांना जवळ बोलावलं, 'धुऱ्यावरून भांडू नोका' म्हणून बजावलं, आणि वावराचे दोन सारखे तुकडे करून मधोमध एक नवा कोरा धुरा घालून दिला. म्हाताऱ्याला थट्टेची सवय नव्हती, तेव्हा हे त्यांनी मनापासूनच केलं असं धरावं लागतं.

धुरा म्हणजे तरी काय, दोन वावरांमधली गवताची एक पट्टी. पण थोरल्या पंजाबरावांचा वखर वळताना तिला जरा चाटून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या जानरावांचा वखर पलीकडून चाटून जायचा. समोरच्याने धुरा खाल्ला, अशी दोघांचीही पक्की खात्री होती, आणि त्यात दोघेही खरे होते. खटला अकोटच्या कोर्टात सात वर्षं चालला होता. तोवर धुरा इतका रोडावला की त्यावरून शेळी जायची म्हटली तर तिला एक बाजू एका भावाच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आणि दुसरी दुसऱ्याच्या पऱ्हाटीत घालून चालावं लागे, आणि दोन्हीकडून दगड खावे लागत.

सुंदराबाईला धुऱ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिचं दुःख वेगळं होतं. नांदगाव खंडेश्वरच्या तिच्या बापाने आपल्या दोन्ही मुली एकाच घरात दिल्या होत्या. थोरली सुंदरा थोरल्याला, धाकटी मनकर्णा धाकट्याला. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या तर एकमेकींना सोबत होईल, असा बापाचा हिशेब. झाली ना सोबत. खटला उभा राहिला त्या दिवशी पंजाबरावांनी सुंदराबाईचा हात लहानग्या लेकीच्या, शालूच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की मनकर्णेच्या उंबऱ्यात जाणार नाही आणि तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जानरावांनीही मनकर्णेला तशीच शपथ घातली. बाकी कशात एकमत नसलेल्या भावांचं बायकांच्या बाबतीत मात्र न विचारता एकमत झालं. तेव्हापासून विहिरीवर एक बहीण आली की दुसरी पाठ करून उभी राही. मनकर्णेला ताप आला तरी सुंदराबाईला तो तिसरीच्या तोंडून कळे. बहीण हाकेच्या अंतरावर असून हाक मारता येऊ नये, याचा सुंदराबाईला मनस्वी संताप होता, आणि तो काढायला घरात भांड्यांवाचून दुसरं कोणी नव्हतं.

महाराष्ट्र होऊन नुकतंच वर्ष झालं होतं. त्या वैशाखात ग्रामपंचायतीची बैठक पंजाबरावांच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या पुढच्या ओसरीत, भरली. पंचायतीला स्वतःची जागा नव्हती, आणि पाटलांकडे चहा मिळत असे. ग्रामसेवक चंद्रभान हा अमरावतीचा, नव्या नोकरीचा, आणि अजून सरकारावर विश्वास असलेला तरुण उभा राहून म्हणाला, "ग्रामस्थ बंधूंनो, राखीव जंगलाचं रक्षण हे आपलं कर्तव्य आहे."

"जंगलाचं रक्षन कोनापासून?" देवमनने विचारलं. "जंगल खात्याच्या नाकेदाराच्या घराले नव्या सागाच्या खिडक्या लागल्या म्हनते."

देवमन अकोटच्या कापसाच्या जिनिंगात फिटर होता. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्याने धम्म घेतला, आणि परत आल्यापासून तो ढाळजेत खाली न बसता बाकावर बसे. पंजाबरावांना ते खुपत असे, पण बाक पंचायतीचा होता आणि देवमन पंच होता, त्यामुळे खुपण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

चंद्रभानने खिडक्यांकडे दुर्लक्ष केलं आणि मुद्दा सांगितला. लोक चहूबाजूंनी जंगलात शिरतात, म्हणून रेंजर साहेबांनी सगळंच बंद केलं होतं. सरपण नाही, मोहफुलं नाहीत, उन्हाळ्यात गुरांना झिऱ्याचं पाणी नाही. पण गावाने श्रमदानाने एकच वाट बांधली, दोन्ही बाजूंनी झाडं लावली आणि ती जगवली, तर त्या वाटेने साऱ्या गावाला ये-जा मोकळी. गावापासून जंगलापर्यंत सरळ रेघ मारली तर ती नेमकी गावंड्यांच्या धुऱ्यावरून जात होती. दुसरी तजवीज म्हणजे नाल्याच्या काठाने भलामोठा वळसा.

"वाट पायजेच," पंजाबराव म्हणाले. "गावाच्या भल्याले मी कदी नाही म्हनलं नाही. धुऱ्यानंच न्या. आता धुरा पडला जानरावचा. त्याले इचारा."

देवमनने घसा साफ केला. "पाटील, कोर्टात तर धुरा आपला हाय म्हनून राहिले ना तुमी?"

"कोर्टातली गोठ अलग. कोर्टात मानसाले काई बी बोला लागते."

जानराव बैठकीला आलेले नव्हते. ते समोरच्या पिंपळाच्या पारावर बसले होते. भावाच्या ढाळजेत पाय ठेवायचा नाही हा त्यांचा नियम होता, आणि ढाळजेतला शब्द न् शब्द ऐकायचा हा दुसरा. तरी चंद्रभानला गल्ली ओलांडून जाऊन सगळं पुन्हा सांगावं लागलं. जानरावांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

"दादाले सांगा," ते भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धुरा दादाचाच हाय. थोरल्या भावाच्या हक्कावर पाय देनारा मी कोन? त्यायनं द्यावा."

चंद्रभान परत आला. पंजाबरावांनी त्याला पुन्हा पाठवलं. आमचं मन मोठं आहे, धुरा धाकट्याला सोडला. जानरावांनी परत पाठवलं. आमचं मन त्याहून मोठं आहे, घेत नाही. चंद्रभानच्या कपाळावरून घाम गळू लागला.

"वाह," बकऱ्यांचा व्यापार करणारे कुर्बानभाई दाढी कुरवाळत म्हणाले. "सात साल में पैल्यांदा दोनों भाई एक बात पे राजी हुए. के जमीन अपनी नहीं."

सुंदराबाई दाराआड चहाच्या कपबशा घेऊन उभी होती. इतरांना हा निव्वळ तमाशा होता. तिला मात्र दाराच्या फटीतून काहीतरी लख्ख दिसलं. वाट झाली की धुरा गेला. धुरा गेला की खटला गेला. खटला गेला की शपथ कशाची? ही गोष्ट इतकी सोपी होती की दोन वकील, एक न्यायाधीश आणि गावातले सगळे शहाणे मिळून ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. तिने पदर पुढे ओढला आणि दारातूनच, चंद्रभानकडे न पाहता, म्हटलं, "साहेब, एक इचारू काय? थ्या पुलापाशी दगड बसवला ना मागच्या साली, तसा इथं बी बसन काय? जमीन देनाऱ्याच्या नावाचा?"

चंद्रभानला याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, आणि तो प्रामाणिकपणे तसं सांगणारच होता. देवमनने त्याच्या आधी तोंड उघडलं.

"बसन म्हनजे, पाटलीनबाई? बसनच. वरतं जमीन देनाऱ्याचं नाव, मोठ्या अक्षरात. खाली उद्घाटन करनाऱ्या साहेबाचं, बारीक."

कपबशा खाली ठेवून सुंदराबाई आत गेली.

"तसं पाह्यलं तं," पंजाबराव छताकडे पाहत म्हणाले, "धुरा मूळचा माह्याच बाजूचा. आबानं घातला तवा खुंट्या माह्या हातानं ठोकल्या होत्या."

पारावरचे जानराव उठून गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले. भावाच्या ढाळजेत पाय न ठेवता जितकं पुढे येता येईल, तितके. "खुंट्या ठोकल्या त्यानं. जागा कोनाची गेली? माही. धुरा मी देतो. गावासाठी देतो."

"मी धुराही देतो आन माह्या वावरातली दोन हात पट्टी बी देतो," पंजाबराव म्हणाले.

"मी तीन देतो."

"मी चार."

कुर्बानभाईंना असा बाजार रोजचा होता, पण त्यात भाव नेहमी उलटा चाले. ते मन लावून ऐकत राहिले. देवमनने चंद्रभानला कोपराने ढोसलं आणि चंद्रभान भराभर लिहीत सुटला. हातभर धुऱ्यासाठी सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या भावांनी त्या दुपारी इतकी जमीन देऊन टाकली, की सरकारने मागितली होती पायवाट आणि गावाला मिळाला दोन बैलबंड्या शेजारून जाव्यात असा रस्ता, वर दोन्हीकडे झाडांना ऐसपैस जागा. नाव कोणाचं, हा पेच देवमनने सोडवला. दगड दोन, गावाकडच्या टोकाला पंजाबरावांचा, जंगलाकडच्या टोकाला जानरावांचा. दोघेही आपलं टोक अधिक महत्त्वाचं समजून घरी गेले.

काम सुरू झालं. श्रमदानात दान कोण करणार आणि श्रम कोण करणार, याची वाटणी गावात आधीपासूनच ठरलेली असते. पहिल्या दिवशी टोपी घातलेले सगळे कुदळ हातात घेऊन उभे राहिले, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच जणांची कंबर धरली. पुढे वाट बांधली ती देवमनच्या वस्तीने, कुर्बानभाईंच्या मोहल्ल्याने आणि घरोघरच्या बायकांनी. सर्वांत जास्त खड्डे देवमनच्या आईने, जाईबाईने खोदले. वयाने वाकलेली होती, पण म्हणायची, "मले कुठं वाकाचं काम हाय? मी वाकेलच आहो."

पंजाबरावांनी सुंदराबाईला कामावर पाठवलं, कारण जानरावांनी मनकर्णेला पाठवलं होतं. एक बहीण वाटेच्या पूर्वेला, दुसरी पश्चिमेला. वाट पुरी व्हायची होती, तोवर खटलाही कायम होता आणि शपथही; मधली माती ओलांडायची नाही, असं दोघींना बजावलेलं. उन्हाचा तडाखा असा होता की एका दुपारी सुंदराबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती टोपल्यासकट खाली बसली. जाईबाईने आपल्या मडक्यातलं पाणी तिच्यापुढे धरलं. सुंदराबाई काही संत नव्हती. आजवर तिनेच जाईबाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. पण त्या दिवशी ती आधी प्यायली आणि मग तिच्या लक्षात आलं. जाईबाईच्याही लक्षात आलं होतं. "पेल्लं ना? मंग आता इचार करून पोटातून बाहीर निंगते काय?" ती म्हणाली, आणि पुन्हा कुदळ मारू लागली. सुंदराबाईने त्यानंतर तहान लागली की स्वतःहून ते मडकं मागितलं.

आषाढात रोपं लागली. कडुनिंब, करंज, शिरीष. आणि तिथे एक नवल झालं. शपथ माणसाशी न बोलण्याची होती; झाडाशी बोलण्याबद्दल पाटलांनी काही म्हटलं नव्हतं. मनकर्णा समोरच्या बाजूला एका हातभर निंबाला आळं करत होती. ती त्या निंबाला म्हणाली, "निंबा, नांदगावची आई बिमार हाय म्हनते. कोनाले मालूम नसन तं सांगून दे बाप्पा."

सुंदराबाईच्या हातातली माती गळून पडली. तिने आपल्यापुढच्या करंजाला खडसावून विचारलं, "करंजा, कवापासून बिमार हाय? आन मले काहून कोनी सांगतलं नाही?"

त्या दिवसापासून वाटेवरच्या रोपांना गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त बातम्या कळू लागल्या. आईचं दुखणं, शालूला आलेलं अकोल्याचं स्थळ, जानरावांचं घोरणं, पंजाबरावांचं अपचन. कुठलं रोप सुकू लागलं की दोघी धावत. गावातले लोक म्हणत, पाटलांच्या सुनांना झाडांचा केवढा कळवळा. जाईबाई तेवढी गालातल्या गालात हसे.

पोळा झाला. उद्घाटनाचा दिवस ठरला. गवंडी मोकळा होता म्हणून दोन्ही दगड आधीच बसवून झाले होते, आणि इथेच देवाने दोन भावांना एकत्र आणायचं मनावर घेतलं.

झालं असं, की पंजाबरावांच्या नावाचा दगड कमरेहून जरा उंच होता. जंगलातून सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईला ती टेकवून दम खायला नेमकी हवी तेवढी उंची. जाईबाई रोज 'श्री. पंजाबराव पुंजारामजी गावंडे पाटील' यांच्या डोक्यावर मोळी ठेवी आणि घाम पुशी. तिकडे दुसऱ्या टोकाला कुर्बानभाईंच्या बकऱ्यांना पाठ खाजवायला खरबरीत काहीतरी हवंच होतं, आणि जानरावांचं नाव खोल कोरलेलं होतं. पंजाबरावांनी जाईबाईला पाहिलं. जानरावांनी बकऱ्या पाहिल्या. बापाने मरताना सांगून जे झालं नाही, कोर्टाला जे जमलं नाही, ते एका मोळीने आणि चार बकऱ्यांनी करून दाखवलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी जानराव सात वर्षांनी भावाच्या ढाळजेत आले, आणि त्यांच्या मागे मनकर्णा.

सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहिली. मनकर्णेनेच पुढे होऊन तिचे पाय धरले. मग दोघी रडल्या. सात वर्षांचं रडणं होतं, तरी त्यांनी ते लवकर आटोपलं, कारण पुरण शिजत होतं. मनकर्णेने बाह्या सरसावून कणीक पुढे ओढली. "किती घट्ट भिजवते वं बाई तू. लग्नाआधीही असीच भिजवे." सुंदराबाईला वाटलं, आता काही नको. वाट झाली, धुरा गेला, बहीण माझ्या चुलीपाशी बसून मला नावं ठेवते आहे. तिला इतका आनंद झाला की तिची पहिली पोळी फाटली आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही.

ढाळजेतून भावांचे आवाज येत होते. कित्येक वर्षांनी ते चढलेले नव्हते.

"वाट आपल्या बापाच्या जमिनीतली," पंजाबराव म्हणत होते.

"आपल्याच," जानराव म्हणाले.

"मंग तिच्यावरतं कोन जाईन अन् कोन नाही, हे आपून ठरवाचं."

"आपूनच."

"फाटक बसवू. कुलूप लावू. घरच्या लोकायले मोकळं. देवमनच्या लोकायनं नाल्याकडून जावं. बकऱ्या बी तिकडूनच. उद्या साहेब उद्घाटन करून गेले, का परवा फाटक."

"दादा, मी हेच सांगाले आलो होतो."

लाटणं थांबलं. मनकर्णेने बहिणीकडे पाहिलं. सुंदराबाई तव्याकडे पाहत होती.

तिला सगळं कळत होतं. गप्प बसलं तर मनकर्णा उद्याही येईल, परवाही येईल, दिवाळीला दोघी मिळून नांदगावला आईकडे जातील. बोललं तर काय होईल, तेही कळत होतं. तिने मनाशी पुष्कळ कारणं काढून पाहिली. फाटक काय, पुरुषांचं काम. देवमन पंच आहे, तो भांडेल; रेंजर साहेब आहे, त्याला पाहू दे. पण देवमन भांडून फाटक काढवेपर्यंत ते गंजायला लागलेलं असेल, आणि साहेब कोणाच्या घरी जेवतात ते तिला ठाऊक होतं. आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी तिला जाईबाई दिसत होती, मोळी घेऊन, स्वतः खोदलेल्या खड्ड्यांतल्या झाडांना कुलपाबाहेरून पाहणारी. कुलूप लागलं तर ती वाट कसली, तो गावंड्यांचाच धुरा, फक्त रुंद झालेला. सुंदराबाईला राग आला. नवऱ्याचा आला, दिराचा आला, आणि बहीण घरी आल्याच्या दिवशीच हे ऐकावं लागलं म्हणून नशिबाचाही आला.

तिने पोळी उतरवली, हात पुसले आणि ढाळजेच्या दारात गेली.

"फाटकाचं बरं काढलं तुमी," ती म्हणाली. "चाबी कोनाकडं राहीन?"

"माह्याकडं," पंजाबराव म्हणाले. "थोरला मी."

"मंग मी जंगलात जावाले तुमाले इचारू काय?" जानराव म्हणाले. पण आवाज अजून नरम होता. भावाच्या घरचा पानाचा विडा सात वर्षांनी तोंडात होता.

"दोन चाब्या करू," पंजाबराव समजुतीने म्हणाले. "एक तुह्याकडं, एक माह्याकडं. झालं?"

"झालं," जानराव म्हणाले.

इथे सुंदराबाईला मागे फिरता आलं असतं. आतून पुरणाचा वास येत होता आणि मनकर्णेच्या बांगड्या वाजत होत्या. तिने एकवार डोळे मिटले.

"नाही, मले समजत नाही म्हनून इचारतो," ती म्हणाली. "फाटकाचे खांब कोनाच्या जमिनीत रोवाचे? एक इकडं, एक तिकडं, बरोबर मधातून धरून. तं मध म्हनजे कुठी? धुरा कुठून होता, हे आता कोनाले आठोते काय?"

पंजाबरावांना आठवत होतं. जानरावांनाही आठवत होतं. दोघांना वेगवेगळं आठवत होतं.

पंजाबरावांनी बोटाने जमिनीवर रेघ ओढली. जानरावांनी ती पायाने पुसून जरा पलीकडे दुसरी ओढली. मी चार हात दिले. तुमी चार म्हनले, दिले तीन. अन् तुह्या वखरानं आधीच खाल्ला तो? आबाच्या खुंट्या. आबाच्या खुंट्या कोनी सरकवल्या? जे जे सात वर्षांत कोर्टात बोलून झालं होतं ते सगळं, वकिलांशिवाय, तेवढ्याच वेळात दुप्पट बोलून झालं. गल्लीत माणसं जमली. फाटकाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. ते बसवायला दोघांचे दोन खांब लागणार होते, आणि आता दोघे मिळून एक सुतळीही बांधणार नव्हते.

जानराव स्वयंपाकघराच्या दारात आले. "मनकर्णा, चाल."

मनकर्णा पाटापाशी बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती.

"बाई, तुनं मुद्दाम इचारलं," ती म्हणाली.

"हो," सुंदराबाई म्हणाली.

"सात वर्सांनं आलो होतो मी."

"मालूम हाय मले." सुंदराबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "जाईबाईनं खड्डे खांदले वं, मना. माह्यानं नाही झालं."

"चाल म्हनलं ना," जानराव म्हणाले.

मनकर्णेने उरलेली कणीक गोळा केली, तिचा एक उंडा केला, त्यात पुरण भरलं आणि लाटायला घेतला. "तुमी व्हा समोर," ती म्हणाली. "मी जेवून येतो."

"इथं जेवशीन?"

"वाटे-धुऱ्याचं भांडन तुमचं हाय. पुरनाशी माह्यं काई भांडन नाही."

बायको असं काही बोलेल याची जानरावांना त्यांच्या वकिलाने कधी कल्पना दिलेली नव्हती. मागून पंजाबराव ओरडून काहीतरी म्हणाले, त्याला उत्तर देणं जास्त निकडीचं होतं, म्हणून ते तिकडे वळले, आणि बोलता बोलता भावाच्या ढाळजेतून बाहेर पडून थेट पारावर जाऊन बसले.

सुंदराबाईने ताट वाढलं. तुपाची वाटी पुढे सरकवली. काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"बोलू नोको," मनकर्णा म्हणाली. "राग आला हाय मले."

तिने पहिली पोळी मान खाली घालून खाल्ली. दुसरी खाताना तिने एकदा डोळ्यांना पदर लावला. सुंदराबाई समोर बसून राहिली. तिला भूक नव्हती आणि उठवतही नव्हतं. बाहेर गल्लीत दोन्ही भाऊ एकमेकांना बापाचं नाव घेऊन शिव्या देत होते, आणि बाप एकच असल्यामुळे त्या दोघांनाही लागत होत्या. मनकर्णेने ताटातला शेवटचा घास संपवला, बोटं चाटली आणि बहिणीकडे न पाहता ताट पुढे केलं.

"अजून एक वाढ," ती म्हणाली. "आन तू बी घे."